मैदानाचं नाव विकायला काढलं तर? (सेंट जेम्स पार्क, अझ्टेका, डॉर्टमुंड वगैरे)

टायनकाठी

मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं.

मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोच्या अझ्टेका स्टेडियमचं नाव बदललं. बानोर्ते नावाच्या बँकेने नूतनीकरणासाठी २१० कोटी पेसोंचं कर्ज दिलं आणि बारा वर्षांसाठी स्वतःचं नाव लावलं. एस्टाडिओ बानोर्ते. १९७० ची फायनल पेले जिथे खेळला ते हे मैदान. २२ जून १९८६ ला मॅराडोनाने आधी हाताने आणि चारच मिनिटांनी अर्ध्या मैदानातून एकट्याने चेंडू नेऊन गोल केला, तेही इथेच. आमच्या पिढीने ते गोल नंतर कॅसेटवर पाहिले, पण 'अझ्टेका' हा शब्द त्यांच्यासोबतच डोक्यात बसला. बातमी वाचली आणि मला माझे इंग्लंडातले न्यूकॅसलचे दिवस आठवले.

२०११ च्या सप्टेंबरात एमएससीसाठी तिथे गेलो. हीटन भागात एका निवृत्त जोडप्याकडे वरची खोली भाड्याने घेतली होती. घरमालक जहाजबांधणीच्या कारखान्यात वेल्डर होते. शनिवारी सामना असला की सकाळपासून त्यांचं बोलणं कमी व्हायचं. त्यांचे वडील त्यांना मैदानावर घेऊन जायचे, मग ते मुलाला घेऊन जायला लागले, आणि त्या वर्षी दोनदा मलाही नेलं. न्यूकॅसल युनायटेड हा फुटबॉल क्लब १८९२ पासून त्याच जागेवर, सेंट जेम्स पार्कवर खेळतोय. मैदान शहराच्या मधोमध, उंचावर आहे, कुठूनही वर पाहिलं की दिसतं. शेजारच्या मेट्रो स्टेशनचं नावही सेंट जेम्स.

नोव्हेंबरात क्लबने जाहीर केलं की मैदान यापुढे 'स्पोर्ट्स डायरेक्ट अरीना' म्हणून ओळखलं जाईल. स्पोर्ट्स डायरेक्ट म्हणजे क्लबचे तेव्हाचे मालक माइक ॲशली यांचीच खेळसामानाची दुकानं. सेंट जेम्स पार्क हे नाव धंद्याच्या दृष्टीने आकर्षक नाही, असं कारण दिलं. दुकानाने त्यासाठी क्लबला पैसेही मोजले नव्हते. पुढे कुणी गिऱ्हाईक आलं तर त्याला नाव कसं दिसेल ते कळावं, म्हणून हा खटाटोप.

घरमालकांनी संध्याकाळचा पेपर टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "माझ्या बापाचं नाव बदलायलाही माझी परवानगी लागत नाही का?" मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं.

फेब्रुवारीत भिंतीवरची मोठी अक्षरं उतरवली. मी दोन दिवसांनी तिथून चाललो होतो. अक्षरं जिथे होती तिथे फिकट ठसे आणि खिळ्यांची भोकं राहिली होती, त्यामुळे नाव अजूनही वाचता येत होतं. लोक थांबून वर बघत होते, कुणी फोटो काढत नव्हतं. तेव्हा मला घरमालकांचं म्हणणं कळलं.

माझं मत सांगतो. नवं मैदान बांधताय, त्याला अजून नावच नाही, तर कंपनीचं द्या, माझी हरकत नाही. पण जे नाव लोकांनी शंभर वर्षं तोंडात वागवलंय ते मालकाला विकता येऊ नये. निदान त्या लोकांना विचारल्याशिवाय तरी नाही. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस

धागा चांगला काढलात. मी क्रीडा प्रायोजकत्वाच्या धंद्यात चौदा वर्षं आहे, मुंबईत. त्यामुळे दुसरी बाजू मांडणं माझ्याकडे आलं.

क्लबला तीन बाजूंनी पैसा येतो: तिकिटं, टीव्ही आणि जाहिरात-प्रायोजकत्व. टीव्हीचे पैसे लीग वाटते, त्यावर क्लबचा ताबा नाही. तिकीट वाढवलं तर तुमच्या घरमालकांच्या खिशातून जातं. उरलं प्रायोजकत्व. मैदानाच्या नावाचा पैसा हा त्यातल्या त्यात सामान्य प्रेक्षकाला न दुखावणारा पैसा आहे, असं आम्ही क्लबांना सांगतो आणि मला ते खरंच पटतं.

लंडनच्या आर्सेनल क्लबचं बघा. हायबरीत जेमतेम ३८ हजार माणसं बसायची. जवळच साठ हजारांचं मैदान बांधायचं ठरलं, खर्च सुमारे ३९ कोटी पौंड. २००४ मध्ये एमिरेट्सशी करार झाला, सुमारे दहा कोटी पौंडांचा. त्यात पंधरा वर्षं मैदानाचं नाव आणि आठ वर्षं जर्सी. बँकांना कर्जासाठी दाखवायला हातात एक पक्की आवक आली. २००६ ला मैदान उघडलं. आज वीस वर्षांखालच्या आर्सेनलवाल्याला विचारा, त्याच्यासाठी 'एमिरेट्स' हेच घर आहे. त्या शब्दाने त्याला विमान आठवत नाही.

ही पद्धत अमेरिकेतून आली. बफेलोला १९७३ मध्ये रिच नावाच्या खाद्यपदार्थांच्या कंपनीने पंचवीस वर्षांसाठी १५ लाख डॉलर मोजून तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाला नाव दिलं. आज ती रक्कम ऐकून आमच्याकडचे ट्रेनी पोरं चकित होतात.

मात्र एका बाबतीत धागाकर्त्यांशी सहमत. जुन्या मैदानाच्या नावाला बाजारात भावच कमी येतो. कंपनी पैसे मोजते ते लोकांनी नाव उच्चारावं म्हणून. लोक जुनंच म्हणत राहिले तर कंपनीने काय विकत घेतलं? मी स्वतः दोन गिऱ्हाइकांना जुन्या मैदानाच्या नावापासून परत फिरवलंय.

पेठेतला गोलकीपर

वाचतोय. हिशेबनीस, बार्सिलोनाने तर कँप नोलाच स्पॉटिफाय लावलं ना? ते जुनंच मैदान, १९५७ चं.

हिशेबनीस

हो, २०२२ ला. पण जुनं नाव ठेवून पुढे जोडलं: स्पॉटिफाय कँप नो. शिवाय जर्सीही त्याच करारात. आणि त्या वेळी क्लबवर कर्जाचा डोंगर होता. अडचणीत असलेला माणूस दागिना गहाण टाकतो तसं ते आहे.

रूरचा पाहुणा

गहाणाचा विषय निघालाच आहे तर जर्मनीतल्या डॉर्टमुंडचं सांगतो. मी इथे अकरा वर्षं आहे, बायको इथलीच, सासरे बोरुसिया या इथल्या क्लबचे सभासद.

हे मैदान १९७४ च्या विश्वचषकासाठी बांधलं, नाव वेस्टफालनस्टाडिओन. वेस्टफालन म्हणजे हा प्रदेश. कोळसा आणि पोलादाचा मुलूख, खाणी बंद पडल्यावर लोकांकडे अभिमान वाटावा असं जे उरलं त्यात हा क्लब. २००० च्या आसपास क्लबने शेअर बाजारात उतरून वारेमाप खर्च केला. २००२ मध्ये मैदान एका गुंतवणूक निधीला विकलं आणि स्वतःच्याच घरात भाडेकरू झाला. १४ मार्च २००५ ला डसेलडॉर्फ विमानतळावर त्या निधीच्या गुंतवणूकदारांची बैठक होती. त्यांनी सवलतीला नकार दिला असता तर क्लब त्याच दिवशी बुडाला असता. सासरे सांगतात, ते कामावर रेडिओ कानाला लावून बसले होते आणि फोरमनने त्यांना काही म्हटलं नाही, कारण फोरमनही तेच करत होता.

त्याच वर्षी डिसेंबरात नाव विकलं. सिग्नल इडुना पार्क. सिग्नल इडुना ही विमा कंपनी, तिचं एक मुख्यालय डॉर्टमुंडातच आहे. लोक रडले, पण रस्त्यावर उतरले नाहीत. घरात औषधाला पैसे नसताना आईने बांगडी मोडली तर मुलं तिला बोल लावत नाहीत. करार पुन्हा पुन्हा वाढत गेला, आता २०३१ पर्यंत आहे. रेल्वेच्या थांब्याचंही नाव डॉर्टमुंड सिग्नल-इडुना-पार्क झालंय. मी दर पंधरा दिवसांनी तिथे उतरतो.

आणि तरीही सासऱ्यांच्या तोंडून मी ते नाव एकदाही ऐकलेलं नाही. 'वेस्टफालनस्टाडिओनला निघालो,' एवढंच. दक्षिणेकडच्या स्टँडात पंचवीस हजार लोक उभे असतात, तिथेही तेच. कंपनीला याचा राग येत नाही, कारण तिचं नाव टीव्हीवर आणि पेपरात येतंच. दोन नावं शेजारी शेजारी राहतायत, वीस वर्षं.

म्हणून माझा मुद्दा असा की, टायनकाठींचा नियम फार कडक आहे. जुनं-नवं बघण्यापेक्षा, पैसा कशासाठी लागतोय ते बघा. क्लब मरणार असेल तर नाव विकावं. मालकाला नुसतं स्वतःचं दुकान मिरवायचं असेल म्हणून विकू नये.

सायली_डोंबिवली

+१. "आईने बांगडी मोडली" हे अगदी पोचलं.

मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण मेट्रो ३ ने रोज जाते. तिथेही काही स्टेशनांच्या नावाआधी बँका आणि विमा कंपन्या आल्यात. घोषणेत पूर्ण नाव येतं. डब्यातल्या बायका मात्र एकमेकींना 'सिद्धिविनायकला उतरायचंय' असंच सांगतात. परवा एक आजी घोषणा ऐकून गोंधळल्या, दारातून मागे वळून मला विचारलं, "हेच ना गं देवळाचं?" मी म्हटलं हो, उतरा. त्या उतरल्या. माणसाला ठिकाण शोधायला नाव लागतं, आणि ते नाव दहा वर्षांनी करार संपल्यावर बदलणार असेल तर त्याचा उपयोग काय?

पेठेतला गोलकीपर

एक शंका. चँपियन्स लीगमध्ये यातली नावं वेगळीच दिसतात. आर्सेनलचं मैदान 'आर्सेनल स्टेडियम' लिहिलेलं असतं. हे का?

हिशेबनीस

युएफाचे, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाचे, स्वतःचे प्रायोजक आहेत म्हणून. त्यांच्या स्पर्धेत इतर कंपन्यांचं नाव चालत नाही. आर्सेनल स्टेडियम, सिटी ऑफ मँचेस्टर स्टेडियम, म्युनिकचं आलियान्झ अरीना होतं फुसबॉल अरीना म्युनशेन, डॉर्टमुंडचं बीव्हीबी स्टाडिओन. फलक झाकतात, अक्षरं उतरवतात. फिफाचंही तसंच. २०२६ च्या विश्वचषकासाठी न्यूजर्सीच्या मेटलाइफ स्टेडियमचं न्यूयॉर्क न्यूजर्सी स्टेडियम झालं. आणि धागाकर्त्यांच्या अझ्टेकाचं मेक्सिको सिटी स्टेडियम. म्हणजे ज्या बँकेने विश्वचषकाआधीच्या नूतनीकरणासाठी कर्ज दिलं, तिचं नाव विश्वचषकात नाही, आणि अझ्टेकाही नाही.

टायनकाठी

हे वाचून वाईट वाटलं. तीन विश्वचषक पाहणारं जगातलं पहिलं मैदान, आणि तिसऱ्या वेळी तिकिटावर त्याचं नाव नाही.

फातोर्ड्याची गॅलरी

मडगांवहून लिहितोय. आमच्याकडे हा विषय मैदानाचा नाही, क्लबच्या नावाचा आहे, पण दुखणं तेच.

१८ मार्च २०२३ ला फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीगची (आयएसएल) फायनल होती, एटीके मोहन बागान विरुद्ध बंगळुरू. मी गॅलरीत होतो. आमची टीम नव्हती, पण फायनल आपल्या गावात म्हटल्यावर कोण घरी बसेल? कोलकात्याहून रेल्वेने आलेली माणसं माझ्या मागेच बसली होती. दोन रात्रींचा प्रवास, डोळे तांबारलेले. १८८९ चा क्लब, १९११ मध्ये अनवाणी खेळून ब्रिटिश पलटणीच्या संघाला हरवणारा क्लब. २०२० मध्ये एटीके या दुसऱ्या संघाशी एकत्रीकरण झालं आणि त्याची तीन अक्षरं पुढे चिकटली. ही मंडळी तीन वर्षं 'एटीके काढा' म्हणून ओरडत होती. २-२ बरोबरी, मग पेनल्टीवर ४-३ ने जिंकले. त्यानंतर मालकांनी मैदानावरच जाहीर केलं की एटीके जाणार. माझ्या मागचा पन्नाशीचा माणूस कप जिंकल्यावर नाचला होता, हे ऐकल्यावर मात्र खाली बसला आणि तोंड झाकून रडला. मला बंगाली येत नाही. मी त्याला पाण्याची बाटली दिली.

पूर्ण नाव मात्र परत मिळालं नाही. आता मागे 'सुपर जायंट' आहे, मालकांच्याच क्रिकेट संघाच्या नावातलं.

पण मंडळी, एक गोष्ट लक्षात घ्या. आम्हां गोंयकारांना कंपनीच्या नावाचं वावडं नाही. आमचे क्लबच धेंपे आणि साळगावकर. खाणमालकांची घराणी. धेंपे पाच वेळा देशाचा विजेता झाला आणि आम्ही 'धेंपे, धेंपे' करून घसे बसवले. कुणाला वाटलं नाही की आपण कंपनीची जाहिरात करतोय. कारण क्लब त्यांनीच मोठे केले, पोरांना नोकऱ्या दिल्या, आम्हांला कळतं तेव्हापासून नाव तेच. नेदरलँड्समधल्या आयंडहोव्हनच्या फिलिप्स स्टेडियमचंही तसंच ना? कारखान्यातल्या कामगारांचा क्लब, म्हणून कारखान्याचं नाव.

त्यामुळे मला वाटतं 'कंपनीचं नाव वाईट' असं नाही. आधी कोण आलं, एवढाच प्रश्न आहे.

आणि त्याचीही दुसरी बाजू सांगतो. २०१६ मध्ये धेंपे, साळगावकर आणि गोव्याचाच स्पोर्टिंग हे तिघंही आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेतून बाहेर पडले. नाव ज्याचं, मन त्याचं. त्याचं मन उठलं की पुढचं आपल्या हातात नाही.

तालमीतला

कोल्हापूरकर हजर!

फातोर्डावाले दादा, तुमचं शेवटचं वाक्य काळजाला लागलं. मुंबईत महिंद्रा युनायटेडचं तेच झालं की. देशातला नावाजलेला संघ, २०१० ला कंपनीने बंद केला, विषय संपला.

आमच्याकडं तसं होत नाही बघा, कारण आमचे संघ तालमींचे. पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. पेठेतली तालीम, तिचंच नाव संघाला. मैदान राजर्षी शाहू स्टेडियम. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगला दुपारपासून सिमेंटच्या पायऱ्या भरतात, ऊन असो नाहीतर काही असो. बाप, आज्जा, पोरगा एका पायरीवर. पोरगं चालायला लागायच्या आधी त्याला कळतं आपली पेठ कुठली ते.

प्रायोजक आमच्याकडंबी आहेत. जर्सीच्या छातीवर दुकानाचं नाव असतं, स्पर्धेच्या चषकाला कुणाचं ना कुणाचं नाव असतं. ज्यानं बक्षिसाची रक्कम दिली त्याचं नाव चषकाला द्यायला आमची ना नाही, उलट मान देऊन हार घालतो. त्यातनंच पोरांना बूट मिळतात, बाहेरचा खेळाडू आणता येतो. अनिकेत जाधवसारखा पोरगा इथनंच जाऊन १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडनं खेळला. पैसा लागतोय, कुणी नाकारत नाही.

पण शाहू महाराजांचं नाव काढून तिथं कंपनी लावायची म्हटलं तर? नुसतं कल्पना करून बघा. कुणाची छाती होणार नाही. ह्याचा अर्थ काय? काही नावं विकाऊ नसतात हे आपल्याला आतनं माहीत असतंय. न्यूकॅसलच्या त्या काकांना तेच म्हणायचं होतं. त्यांच्याकडं नाव राजाचं नव्हतं एवढंच.

हिशेबनीस

तालमीतला, तुमचा मुद्दा मान्य. चषक, स्टँड, जर्सी, सराव मैदान, इतकं सगळं विकायला असताना मुख्य नावाला हात का लावायचा, हे मीही गिऱ्हाइकांना विचारतो.

धंद्याच्या आतली एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावर कुणी बोललं नाही. मालकाच्याच ओळखीची कंपनी नाव विकत घेते तेव्हा काय होतं? मँचेस्टर सिटीचं मैदान २०११ मध्ये एतिहाद झालं. क्लबचे मालक अबूधाबीचे, विमान कंपनी अबूधाबीची. तेव्हापासून वाद आहे की किंमत बाजारभावाने ठरली की क्लबच्या ताळेबंदात पैसा घालायला ती एक वाट होती. क्लबने आरोप नेहमीच फेटाळलेत. न्यूकॅसल २०२१ च्या ऑक्टोबरात सौदी निधीच्या ताब्यात गेल्यावर प्रीमियर लीगने दोन महिन्यांत संबंधित कंपन्यांशी होणाऱ्या करारांवर नियम आणले: रक्कम वाजवी बाजारभावात बसली पाहिजे. आता वाजवी म्हणजे किती, यावर वकिलांची घरं चालतात.

आणि करार मोडतात तेव्हा काय होतं तेही पाहिलंय. पुण्याजवळ गहुंज्याच्या क्रिकेट स्टेडियमला सहाराचं नाव दिलं होतं, पैशांवरून वाद झाला, नाव उतरलं. मायामीच्या बास्केटबॉल अरीनाला एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीने २०२१ मध्ये १९ वर्षांसाठी नाव दिलं, २०२२ च्या नोव्हेंबरात कंपनीचं दिवाळं निघालं. छपरावरचं एवढं मोठं नाव काढायचं काम पुढे कित्येक दिवस चाललं होतं. बोल्टनचं मैदान १९९७ ला नवं बांधलं तेव्हा रीबॉक, मग मॅक्रॉन, मग युनिव्हर्सिटी ऑफ बोल्टन, आता टफशीट. नव्या मैदानाला कंपनीचं नाव चालेल म्हणता टायनकाठी, पण त्या मैदानावर वाढलेल्या मुलाला नाव मिळालंच नाही. पंचवीस वर्षांत चार.

टायनकाठी

हा विचार मी केला नव्हता. खरं आहे. माझा 'नवं असेल तर चालेल' हा भाग तुम्ही मोडून काढलात. मग निदान पहिलं नाव लोकांचं असावं आणि कंपनी त्याच्या मागे-पुढे यावी.

रूरचा पाहुणा

हॅम्बुर्गचं उदाहरण इथे बसतं. फोल्क्सपार्कस्टाडिओन, म्हणजे लोकांच्या बागेतलं मैदान. २००१ ला एओएल अरीना, २००७ ला एका बँकेचं नाव, २०१० ला एका अभियांत्रिकी कंपनीचं. २०१५ मध्ये क्लाउस-मिखाएल क्यूने या उद्योगपतीने, ते क्लबचे भागीदारही आहेत, नावाचे हक्क विकत घेतले आणि स्वतःचं नाव लावायच्या ऐवजी जुनं परत लावलं.

न्युर्नबर्गचं तर त्याहून चांगलं. तिथे २०१७ मध्ये एका बँकेने हक्क घेतले, चाहत्यांनी वर्गणी काढून भर घातली, आणि नाव ठेवलं माक्स मोरलॉक. १९५४ च्या विश्वचषक फायनलमध्ये जर्मनी हंगेरीविरुद्ध ०-२ ने मागे होती, तेव्हा पहिला गोल करणारा हा न्युर्नबर्गचा गडी. त्याआधी मैदानाला कर्ज देणाऱ्या संस्थेचं आणि टीव्ही बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं.

आणि हॅम्बुर्गचाच दुसरा क्लब, सांक्ट पाउली. तिथल्या सभासदांनी २००७ च्या सभेत ठराव केला की मिलर्नटोर या आपल्या मैदानाचं नाव कधीच विकायचं नाही. त्याच सभासदांनी १९९८ मध्ये मैदानावरून जुन्या अध्यक्षांचं नाव उतरवलं होतं, कारण ते नाझी पक्षाचे सदस्य होते. म्हणजे नाव बदलूच नये असं नाही. बदलायचं कुणी, ते महत्त्वाचं. इकडे बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे राहावी लागतात, म्हणून हे जमतं. माझ्या सासऱ्यांनी मतपत्रिका घरी फ्रेम करून लावलेली नाही, पण सभा चुकवत नाहीत.

यॉर्कची वाट

सगळे मोठ्या क्लबांचं बोलताय, म्हणून लिहिते. मी यॉर्कमध्ये राहते. इथला यॉर्क सिटी छोटा क्लब, त्यांचं बूथम क्रेसेंट हे जुनं मैदान हातचं जाता जाता राहिलं. २००५ ते २०१० त्याचं नाव किटकॅट क्रेसेंट होतं. बाहेरच्यांना ते विचित्र वाटतं, पण किटकॅट याच गावात जन्मलं. गावातल्या अर्ध्या घरांत कुणीतरी चॉकलेटच्या कारखान्यात काम केलेलं आहे. माझ्या शेजारीणबाईंनी तीस वर्षं पाकिटं भरली आणि नवऱ्याने त्याच पगारातून तिकीट काढलं. त्या म्हणतात, "आमच्याच हातचं होतं गं ते." क्लब संकटात असताना गावातल्या कारखान्याने हात दिला, यात मला काहीच चुकीचं वाटत नाही. न्यूकॅसलच्या चष्म्यातून सगळ्यांकडे बघू नका.

टायनकाठी

यॉर्कची वाट, पटलं. धेंपे, यॉर्क, डॉर्टमुंड, तिन्ही ठिकाणी कंपनी नाहीतर तिचा कारखाना त्या गावचाच आहे हे आत्ता लक्षात आलं.

न्यूकॅसलची गोष्ट अर्धी सांगितली होती, पूर्ण करतो, कारण ती इतकी सरळ नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात वोंगा ही कंपनी जर्सीची प्रायोजक म्हणून आली. तिने मैदानाचे नामहक्कही घेतले आणि जाहीर केलं की सेंट जेम्स पार्क हे नाव परत देतोय. शहरभर आनंद व्हायला हवा होता. पण वोंगाचा धंदा होता पगार होईपर्यंत लागणारं छोटं कर्ज द्यायचा, वार्षिक हिशेबाने हजारो टक्के व्याजाने. आणि न्यूकॅसल काही श्रीमंत शहर नाही. माझ्या घरमालकीणबाई चर्चमध्ये गरजूंना किराणा वाटायच्या, त्यांच्याकडे येणाऱ्यांत अशा कर्जात अडकलेले होते. शहराच्या कौन्सिलच्या नेत्यांनी उघड टीका केली. पुढे पापिस सिसे या खेळाडूने व्याजाच्या धंद्याचं नाव अंगावर नको म्हणून धार्मिक कारणाने ती जर्सी घालायला नकार दिला होता, नंतर तो तयार झाला. २०१८ मध्ये कंपनी बुडाली.

घरी दोघांमध्ये वाद झाला. बाई म्हणाल्या, त्या पैशाचं नाव नको. ते म्हणाले, नाव आपलंच होतं, चोराने परत आणून दिलं तरी घ्यायचं. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर शांतता होती. मला आजही वाटतं की दोघंही खरं बोलत होते.

इंग्लंडात २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला. क्लबचं बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर चाहत्यांचा कौल लागतो. त्याच यादीत मैदानाचं नाव घाला, एवढीच माझी मागणी आहे. चाहते 'विका' म्हणाले तर विका. डॉर्टमुंडसारखी वेळ आली तर ते नक्की म्हणतील.

तालमीतला

टायनकाठी दादा, मग ती अक्षरं परत लागल्यावर काका बघायला गेले का नाही? ते सांगितलंच नाही तुम्ही.

टायनकाठी

गेलो ना. एका रविवारी सकाळी, सामना नसताना. मला म्हणाले चल, एक तपासायचंय. बाई आल्या नाहीत. वारा बोचरा होता, त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि मान वर करून एकेक अक्षर वाचलं. मी विचारलं काय बघताय? त्यांनी बोटाने दाखवलं. जेम्समधल्या शेवटच्या 'एस'नंतर वर एक छोटा स्वल्पविराम असतो. एक्सेटरच्या क्लबचं मैदानही सेंट जेम्स पार्कच, पण त्यांच्याकडे तो नाही. न्यूकॅसलचा तेवढाच फरक. घाईत बसवताना तो विसरले असतील अशी त्यांना रात्रभर काळजी होती.

होता तो, जागेवर. त्यांनी टोपी घातली आणि आम्ही चालत घरी आलो.